अमोदिंगचे लांबलचक फोन

मासाका,
जुलैची तीन तारीख

आदरणीय ग्याविरादादा,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा सालोंगो मासाकाहून तुम्हाला मान लववून नमस्कार करतो आणि सगळ्यात आधी तुमच्या डाव्या गुडघ्याची चौकशी करतो. उजव्याची मुद्दाम करत नाही, कारण त्याचं नाव काढलं की तो दुखायला लागतो असं तुम्हीच मागच्या पत्रात लिहिलं होतंत. अंगणातली कॉफी नीट वाळली का? तांबडी गाय व्याली का, आणि व्याली असेल तर कालवड की गोऱ्हा? फणसाच्या फांदीवरून शेजाऱ्याशी चाललेलं तुमचं भांडण मिटलं असेल अशी आशा करतो. नसेल मिटलं तर निदान फणस तरी पिकले असतील. तुमच्या धाकट्या लेकीच्या सोयरिकीला पाहुणे किती येणार ते कळवा, म्हणजे इथून केळीचे किती घड न्यायचे ते तुमची बहीण ठरवेल. (तिने ठरवलेलंच आहे, पण तुम्ही कळवलंत म्हणजे तिला मान दिल्यासारखं होईल.)

आमच्याकडे सगळं ठीक आहे. तुमच्या बहिणीची, म्हणजे आमच्या नालोंगोची प्रकृती उत्तम, तिच्या केळीच्या बागेची त्याहून उत्तम, आणि उरलीसुरली माझी. आता तुम्ही म्हणाल, फोन हाताशी असताना या माणसाने एवढं लांब पत्र का लिहावं. तर दादा, आपल्या फोनचं तुम्ही जाणताच. घरच्यांची, शेजाऱ्यांची, गुरांची आणि दिवंगतांची विचारपूस संपून मुद्द्यावर यावं तोवर फोनच निपचित पडतो. शिवाय ही हकीकत अशी आहे की तिचं शेपूट आधी सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. सगळी ऐकूनही काढणार असाल तर निदान सावकाश काढा.

आमचं काम काय ते पुन्हा एकदा सांगतो, कारण मागच्या ईस्टरला तुम्ही पाहुण्यांना माझी ओळख ‘हा रेडिओ दुरुस्त करतो’ अशी करून दिली होतीत. रेडिओ सोडून मला बावीस वर्षं झाली. आसपासच्या गावांतल्या आणि बेटावरच्या मिळून एकोणीस रुग्णालयांचे कॉम्प्युटर चालू ठेवणं, हे आमच्या पाच जणांचं काम. रोग्यांचे कागद, रक्ताचे तपास, औषधांचा साठा, सगळं त्या यंत्रांत असतं. यंत्र बसलं की बाळंतीण खाटेवर आणि तिचा रक्तगट कपाटातल्या कुठल्या तरी फाइलीत, अशी गत होते. म्हणून आमची रीत अशी होती, की फोन वाजला रे वाजला की मोटरसायकलवर बसायचं आणि धावत सुटायचं. बिघाड काढून माणूस परतला की न्येंडोच्या नाक्यावर बकरा भाजायचा, केळीच्या पानावरचा पहिला तुकडा त्याचा, आणि हात धुऊन झाले की मी माझ्या अक्षरात बिघाडवहीत नोंद करायचो: कुठे, काय बिघडलं, कुणी काढलं, किती तास लागले. ही वही चौदा वर्षांपूर्वी मीच सुरू केली आणि तिच्या पहिल्या पानावर माझंच नाव आहे. ल्वेराच्या दलदलीतून मांडीवर बॅटरी घेऊन मी गेलो होतो ती गोष्ट तुम्ही माझ्याकडून सहा वेळा ऐकली आहे, सातव्यांदा सांगत नाही. (एवढंच सांगतो, की पाणी कमरेपर्यंत होतं. तुमच्या बहिणीसमोर सांगताना ते गुडघ्यापर्यंत उतरतं, कारण ती पँट तिने धुतली होती.)

माझ्यानंतर त्या वहीत सगळ्यात जास्त नाव लागलं ते किझ्झाचं. उंच, हसरा, पस्तिशीचा गडी. कुठेही काही बंद पडलं की हा हेल्मेट चढवून तयार. रुग्णालयातल्या परिचारिका त्याला पाहिलं की टाळ्या वाजवतात, आणि तोही दारातूनच दोन्ही हात वर करत आत शिरतो, जणू मोठी शर्यत जिंकून आला आहे. पोरगा मला आवडतो, हे आधीच सांगून ठेवतो.

तर गेल्या वर्षी आमचे साहेब बदलले. तुमवेसिग्ये त्यांचं नाव, माणूस पश्चिमेकडचा, शिकलेला, आणि बोलायला इतका शांत की तो रागावलाय हे आपल्याला दुसऱ्या दिवशी कळतं. आल्या आल्या त्यांनी वही चाळली आणि मला म्हणाले, “सालोंगो, तुम्ही लोक आग विझवण्यात फार पटाईत आहात. पण धूर कुणालाच दिसत नाही का?” (जुळ्यांचा बाप झाल्यापासून माझं खरं नाव कुणी घेत नाही, साहेबसुद्धा नाहीत.) यंत्र बंद पडल्यावर धावण्यापेक्षा ते बंद पडणार हे आधी कळलं पाहिजे, आणि माणसं त्याप्रमाणे वागायला शिकली पाहिजेत, ही जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली. सगळ्यांत वडील मी. शाळेचा कागद एकही नसताना साहेबांनी एवढा विश्वास टाकला म्हटल्यावर मी किती फुगलो असेन याची कल्पना करा.

आता एक कबुली देतो. नोव्हेंबरात मी तुमच्याकडे आलो होतो आणि तुमच्या शेजारच्या ढोलवाल्याकडून कुळांचे ठेके फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतले होते, ते भाच्याच्या लग्नासाठी असं तुम्हाला सांगितलं होतं. लग्न वगैरे काही नव्हतं. माझ्या डोक्यात एक शक्कल आली होती. यंत्रं आपली दुखणी आधी सांगू शकतात, म्हणजे जागा भरत आली, बॅटरी उतरली, अंग तापलं, असे निरोप ती पाठवतात. पण ते निरोप पडद्यावर बारीक अक्षरांत येतात आणि आमची माणसं पडद्याकडे पाहत नाहीत, खिडकीतून चहावालीकडे पाहतात. मी म्हटलं, आपल्या माणसाला जन्मापासून काय ओळखता येतं? आपल्या कुळाचा ढोल. मग मी कार्यालयात मोठा भोंगा बसवला. किझ्झाच्या वाट्याच्या रुग्णालयांतून निरोप आला की उदमांजर कुळाचा ठेका, दुसऱ्याच्या रुग्णालयांतून आला की माशाच्या कुळाचा, तिसऱ्याचा टोळाचा, माझा माकडाचा. ठेका वाजला की ज्याचा त्याने उठायचं. ऐकल्यावर साहेबांनी एकदा भोंग्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “करून बघा.” मी त्याला होकार समजलो.

पहिल्याच दिवशी चूक कळली, पण ती माझी आहे हे कळायला आठवडा गेला. यंत्रांनी कधी तक्रार करावी याची मर्यादा मी फारच खाली ठेवली होती. कॉम्प्युटरला शिंक आली तरी ढोल. सकाळी नऊपासून जो ठणठणाट सुरू झाला तो थांबेचना, आणि आमचं कार्यालय बाजाराला लागून. दुपारी बारा वाजता अंगात पांढरा पायघोळ कांझू, वर कोट, हातात काठी अशा थाटात एक म्हातारेबुवा आले आणि काही न बोलता खुर्चीवर बसले. पाणी दिलं, प्यायले. अर्ध्या तासाने म्हणाले, “कुळाची सभा आहे ना? बाकीचे कुठे राहिले?” उदमांजर कुळाचा ठेका सकाळपासून तीस वेळा ऐकून बिचारे सहा मैलांवरून सायकलने आले होते. दुसऱ्या दिवशी तीन बायका डोक्यावर केळीचे घड घेऊन हजर. एवढा ढोल वाजतोय म्हणजे कुळातलं कुणीतरी मोठं गेलं, असा त्यांचा समज. कुणी गेलेलं नाही म्हटल्यावर त्या जरा नाराज झाल्या. घड परत न्यायचे कसे म्हणून इथेच ठेवून गेल्या. आम्ही ते शिजवून खाल्ले, पण शोकाचं जेवण शोकाशिवाय जेवताना घास फिरतो.

आठवडाभरात काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. तुम्ही आयुष्यभर शाळा चालवलीत, सतत ओरडणाऱ्या मास्तराचं वर्गात काय होतं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. आमचे कान मेले. एका गुरुवारी सकाळपासून उदमांजराचा ठेका वाजत होता, टेकडीवरच्या रुग्णालयातलं औषधसाठ्याचं यंत्र अंग तापलं म्हणून आक्रोश करत होतं, आणि आम्ही चहा पीत होतो. किझ्झा तर टेबलावर बोटांनी त्याच ठेक्याला साथ देत होता, आणि बरी देत होता. अकरा वाजता यंत्र बसलं, फोन वाजला, किझ्झाने हेल्मेट चढवलं, तीन तासांत चालू करून आला. संध्याकाळी बकरा. मी वहीत नोंद केली. साहेबांनी भोंग्याची तार स्वतःच्या हाताने काढली आणि मला म्हणाले, “सालोंगो, धुराचा ढोल वाजत होता, तरी तुम्ही आगीची वाट पाहिलीत.” ते शांतपणे म्हणाले, म्हणजे काय ते मला शुक्रवारी कळलं.

आता अमोदिंगविषयी. या सगळ्यात तिचं नाव अजून आलं नाही, आणि खरी गोष्ट तीच आहे. आमच्यातली पाचवी. सोरोतीकडची, तेसो लोकांतली, दोन वर्षांपूर्वी रुजू झाली. बोलायला कमी, केस बारीक कापलेले, टेबलावर एक शेंगदाण्याची बरणी. ढोल बसवताना मी तिला म्हटलं होतं, “पोरी, तुमच्याकडच्या कुळांचे ठेके माझ्याजवळ नाहीत. तुझी सहा रुग्णालयं तूर्त मुकीच राहू देत.” ती म्हणाली, “राहू देत, सालोंगो.” मग एकोणीसपैकी तेरा बडबडत राहिली आणि सहा गप्प. गप्प आहेत म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही. मी तर नाहीच नाही.

मेच्या शेवटी साहेबांनी मला आत बोलावलं. वरून हुकूम आला होता, पाचांतली एक जागा जायची, कुणाची ते जूनअखेरपर्यंत कळवायचं. त्यांच्यासमोर माझी बिघाडवही उघडी होती. किझ्झाच्या नावावर वर्षभरात एक्केचाळीस दुरुस्त्या. बाकी दोघांच्या वीस, बावीस. माझ्या नऊ, तरी मी म्हातारा. अमोदिंगच्या नावावर एकही नाही. साहेबांनी दुसरा कागद पुढे सरकवला. वर्षाखेरीला मी प्रत्येकाविषयी दोन ओळी लिहून देतो त्यातला. माझंच अक्षर, माझीच शाई: ‘स्वभाव चांगला. पण कामाच्या वेळात फोनवर फार लांब गप्पा मारते.’ साहेब म्हणाले, “तुमच्या नोंदींवरूनच ठरवतोय, सालोंगो. मी नवा आहे. मला तुमच्याशिवाय कोण सांगणार?” दादा, इतकी वर्षं अक्षर सुंदर असल्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी वाटलं, गिचमिड असतं तर बरं झालं असतं.

तरी मनात आलं, की खरंच ही पोरगी करते काय? मंगळवारी मी माझी खुर्ची तिच्या टेबलाशेजारी नेली, वर्तमानपत्र उघडलं आणि कान लावून बसलो. तिने फोन लावला बेटावरच्या रुग्णालयातल्या भांडारवाल्या म्हातारीला. जे ऐकलं ते जमेल तसं लिहितो, कारण तेच ऐकवण्यासाठी हे पत्र आहे.

“आजी, कष्ट चाललेत ना, शाबास. घरचे कसे आहेत?” (आपला नमस्कार तिने पक्का उचललाय.)

पलीकडून काय आलं ते कळलं नाही, पण ते बराच वेळ येत राहिलं.

“आणि जावयाचा हात? प्लास्टर काढलं? बरं झालं. हं. हं. होडी नवी घेतली? आणि आजी, तुमच्या खोलीतलं ते यंत्र कसं आहे?... गुरगुरतंय? कधीपासून?... रविवारपासून. मांजर झोपतं का अजून त्याच्यावर?... आता झोपत नाही? का बरं?... चटका बसतो म्हणून. हं.” इथे तिने कागदावर काहीतरी टिपलं. “आजी, मागच्या बाजूला जाळी आहे, तिच्यावरची धूळ ओल्या फडक्याने नको, कोरड्याने काढा. मी फोन धरून थांबते... काढली? किती निघाली? उशी भरेल एवढी? मग आता मांजराला म्हणावं, संध्याकाळी परत ये.”

एकोणीस मिनिटं. त्यातली पंधरा जावई, होडी आणि मांजर. वर्तमानपत्र माझ्या हातात उलटं होतं हे तिने मला नंतर सांगितलं. सहा रुग्णालयांना असे सहा फोन, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. कुठे वीजवाले झाड तोडायला येणार म्हणजे दोन दिवस वीज जाणार, कुठे नव्या कारकुनाने पंख्यासमोर फायलींचा ढीग रचलाय, कुठे बॅटरीचं पोट फुगलंय, हे सगळं तिला गप्पांतून कळायचं, आणि ती जाऊन किंवा सांगून आधीच आवरून टाकायची. मोठ्या बिघाडाची वेळच यायची नाही, म्हणून वहीत नाव नाही.

मी विचारलं, “हे तुला सुचलं कसं?”

ती म्हणाली, “तुम्हीच सांगितलं होतंत, सालोंगो. पहिल्या दिवशी. मी एका रुग्णालयाला फोन करून सरळ कामाचं विचारलं, तर तुम्ही फोन ठेवायला लावलात. म्हणालात, इथे असं चालत नाही, आधी माणसाची विचारपूस करायची, घराची करायची, मग काम. नाही तर माणूस मेला तरी तुला सांगणार नाही.”

खरंच म्हणालो होतो. परक्या मुलखातून आलेल्या पोरीला चार चांगल्या चालीरीती शिकवाव्यात एवढाच हेतू. आम्ही इथलेच, म्हणून विचारपूस आमच्या तोंडातून आपोआप निघते आणि कानापर्यंत पोचत नाही. ‘घरचे कसे आहेत’ विचारतो आणि उत्तर येईस्तोवर पुढचा प्रश्न तयार. ही पोरगी दुसऱ्याची भाषा शिकून बोलते, म्हणून उत्तर ऐकावं लागतं तिला. आणि मी तिच्यावर शेरा मारला होता, ‘फार लांब गप्पा’.

धावतच साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पटतंय. पण वरच्यांना मी दाखवू काय? तिने कुठला बिघाड थांबवला तो दाखवा.” आता जे घडलंच नाही ते कुठून दाखवायचं? मी म्हटलं, नवी वही सुरू करतो, न झालेल्या बिघाडांची. आठवड्याने वही उघडली तर अमोदिंगच्या चार नोंदी आणि किझ्झाच्या चौसष्ट. ‘आज टेकडीवरच्या रुग्णालयाचं छप्पर पडलं नाही.’ ‘आज वीज कडाडली असती तर यंत्र जळलं असतं, पण आकाश निरभ्र होतं.’ ‘आज एक गाय कार्यालयात शिरली असती, मी दार लावलं.’ या वहीतही पहिला नंबर त्याचाच. साहेबांनी वाचली, मिटली आणि परत दिली. त्या माणसाला हसताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

मी किझ्झाला न्येंडोच्या नाक्यावर घेऊन गेलो. बकरा नाही, नुसता चहा आणि चपाती. म्हटलं, “ही थट्टा झाली का रे? एका पोरीची नोकरी जातेय.”

त्याने बराच वेळ चपातीचे तुकडे केले. मग खाली मान घालून म्हणाला, “रागावणार नसाल तर एक सांगतो. टेकडीवरच्या त्या यंत्राचा पंखा वाजतोय हे मला ते बसायच्या तीन आठवडे आधी कळलं होतं. सिस्टर म्हणाली होती.”

“मग गेला का नाहीस?”

“गेलो असतो तर काय, पंखा पुसून परत आलो असतो. कोण टाळ्या वाजवणार होतं? पंखा पुसल्याबद्दल तुम्ही कधी बकरा कापलात का, सालोंगो? तुमच्या वहीत पंखा पुसण्याचा रकानाच नाही.”

मी रागावलो नाही. रागावण्याइतकं बळ कुठे होतं? कारण तो बोलत असताना मला ल्वेराची दलदल आठवत होती. ती बॅटरी फुगली आहे हे मला महिनाभर आधी माहीत होतं, दादा. जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो. मग पाऊस आला, रस्ता बुडाला, यंत्र बसलं, आणि मी शूर झालो. तिकडे यंत्र बंद होतं त्या चार तासांत एका बाईला रक्त मिळायला उशीर झाला होता. ती वाचली, पण माझ्यामुळे वाचली असं सगळे म्हणाले आणि मी त्यांना म्हणू दिलं. चौदा वर्षं म्हणू दिलं. सहा वेळा तुम्हालाही सांगितलं, आणि प्रत्येक वेळी हा भाग गाळला.

त्यानंतर काही दिवस मला नीट झोप नव्हती की चवीचं जेवण नव्हतं. शेवटी गेल्या शुक्रवारी, मुदतीला दोन दिवस असताना, मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, जायची असलेली जागा माझी. ते म्हणाले, “सालोंगो, तुम्ही इथले सगळ्यांत जुने.” मी म्हटलं, “म्हणूनच. मी आहे तोवर धावून आलेल्याला बकरा मिळत राहणार. मला पाहिलं की पोरांना दलदल आठवते आणि त्यांना आपापली दलदल हवीशी वाटते.” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग विचारलं, “घरी विचारलंत?” मी म्हटलं, “विचारलं.” (ही थाप आहे. ताजा कलम पाहा.)

अमोदिंगची जागा राहिली. एवढंच नव्हे, या महिन्यापासून बाकीच्यांना शिकवायचं काम साहेबांनी तिला दिलं आहे. महिनाअखेरपर्यंत मीही तिचा विद्यार्थी आहे. मंगळवारी सगळ्यांनी फोन करायचे, शुक्रवारी सगळ्यांनी, आणि जे ऐकलं ते एका फळ्यावर लिहायचं. किझ्झाचा पहिला फोन मी ऐकला. “सिस्टर, मी किझ्झा. काही बिघडलंय? नाही? मग कधी बिघडेल?” अमोदिंगने त्याच्या हातातून फोन काढून घेतला, सिस्टरची माफी मागितली आणि त्याला म्हणाली, “आधी तिच्या आईबद्दल विचार.” तो म्हणाला, “तिची आई मला माहीत नाही.” ती म्हणाली, “दोन वर्षं तुझ्यासाठी टाळ्या वाजवतेय ती बाई.” मग त्याने विचारलं. आई आजारी निघाली. बावीस मिनिटं बोलला, आणि फोन ठेवून फळ्यावर लिहिलं: ‘पंखा पुन्हा वाजतोय. उद्या जातो.’ गेला, पुसून आला, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जरा उदास होता. अमोदिंगने बरणीतले मूठभर शेंगदाणे त्याच्या टेबलावर ठेवले. हा काही बकरा नव्हे. सवय व्हायला दिवस लागतील, कदाचित सगळ्यांना लागणारही नाही ती. पण एक पंखा तरी वेळेवर पुसला गेला.

दादा, तुम्ही विचाराल, मग एवढी वर्षं धावलो ते सगळं वाया का? तसं मला वाटत नाही. आग लागलीच तर विझवणारा हवाच. पण आगीची वाट बघत बसलेला माणूस आणि आगीला धावून गेलेला माणूस लांबून अगदी सारखे दिसतात, आणि मी कोणता हे मलाच इतक्या उशिरा कळलं, याचं वाईट वाटतं. असो. गुडघ्याला जपा, वहिनींना आमचा नमस्कार सांगा, मुलांच्या डोक्यावर हात ठेवा आणि गायीच्या पाठीवरही. वडीलधारे म्हणून काही कान उपटायचे असतील तर तेही चालेल.

तुमचा,
सालोंगो एरिसा

ता. क. आता खरं कारण. नोकरी सोडल्याचं तुमच्या बहिणीला मी अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी बूट पुसून निघतो, महिनाअखेरपर्यंत निघता येईल, पुढे काय करावं सुचत नाही. एकोणीस रुग्णालयांच्या यंत्रांना मी भीत नाही, पण तिच्यासमोर हे वाक्य माझ्या तोंडून फुटत नाही. तुम्ही तिचे थोरले बंधू. पुढच्या रविवारी सहज आल्यासारखे या, जेवा, आणि जेवण झाल्यावर तुमच्या पद्धतीने तिच्या कानावर घाला. मी तोवर बागेत असेन. बागेच्या टोकाला.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालून टेबलावर ठेवलं होतं. तुमच्या बहिणीने ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाली, “एवढं जाड? नोकरी सोडल्याचं दादाला लिहिलंत वाटतं.” मी विचारलं, तुला कुणी सांगितलं. ती म्हणाली, “तुम्हीच. घरी आल्या आल्या तुम्ही माझी विचारपूस करता. पाठ कशी आहे, बाग कशी आहे, आणि उत्तर येईपर्यंत थांबता. चौतीस वर्षांत जेवणाआधी कधी विचारलं नव्हतंत. तेव्हाच मी दादाला फोन करून सांगितलं, की हे नोकरी सोडणार.” मी म्हटलं, “अगं, विचारायला लागून तीन आठवडे झाले. नोकरी तर मी गेल्या शुक्रवारी सोडली.” ती म्हणाली, “हो. तुम्हाला शुक्रवारी कळलं.”

तेव्हा दादा, तुम्हाला हे सगळं माझ्याआधीच माहीत होतं, हे आता मला कळलं. तरी रविवारी या. ती म्हणते, पुढे आम्ही काय करायचं ते तिने ठरवलंय, ते ती मला सांगणार आहे, आणि ते सांगताना तुम्ही शेजारी बसलेले बरे.